मंडळाची खोली कोणासाठी?

गेल्या पौषात आमच्या शहरातील मराठी मंडळाच्या कार्यकारिणीकडे तिघा सभासदांनी एक अर्ज दिला. मंडळाची स्वतःची वास्तू आहे. वर सभागृह आहे, खाली ग्रंथालय आहे आणि ग्रंथालयाच्या मागे एक लहानशी खोली आहे. तिच्यात गणेशोत्सवाची मखरे आणि नाटकांचे जुने पडदे ठेवलेले असतात. दर गुरुवारी सायंकाळी सात ते साडेआठ या वेळात ती खोली आम्हांस भाड्याने मिळावी, एवढीच अर्जातील मागणी होती. भाडे मंडळ ठरवील ते. खुर्च्या आम्ही मांडू आणि आम्हीच आवरू. कारण विचारले गेले तेव्हा आम्ही ते लपविले नाही. ज्यांना दारू सोडावयाची आहे, अथवा ज्यांनी ती सोडली असून सुटलेलीच राहावी अशी ज्यांची इच्छा आहे, अशा मराठी माणसांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून एकमेकांशी बोलावे, यासाठी ती खोली हवी होती.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. ते एका ओळीचे होते : 'खोली मोकळी नाही.' उत्तर खरे होते. खोलीत पडदे होते.

लेखी उत्तर एका ओळीचे असले तरी तोंडी उत्तरे पुष्कळ मिळाली. जिन्यात मिळाली, हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांकरवी मिळाली, दूरध्वनीवर मिळाली. त्या उत्तरांचा विचार करावा म्हणून हा लेख लिहीत आहे. शहराचे नाव मी देत नाही. दिले तर मंडळाचे नाव आपोआप निघेल, आणि माझा वाद एका मंडळाशी नाही. नोकरीच्या निमित्ताने मुलखाबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींची जेथे जेथे मंडळे आहेत, तेथे तेथे याहून निराळे उत्तर मिळाले असते असे मला वाटत नाही. लेखाखाली माझेही नाव नाही. त्याचे कारण पुढे येईल. तूर्त एवढेच सांगतो, की अर्ज करणाऱ्या तिघांपैकी मी एक आहे, केंद्र सरकारच्या एका कचेरीत लिपिक आहे, माझे वय छत्तीस आहे, आणि मला शेवटचा पेला घेऊन तीन वर्षे व काही महिने झाले आहेत.

पहिले उत्तर असे होते, की 'आपल्या मंडळात तसले लोक नाहीत.'

हे उत्तर देणारे गृहस्थ सज्जन आहेत आणि ते खोटे बोलले नाहीत; त्यांस खरोखरच ठाऊक नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी देशभर केलेली एक पाहणी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केली. तिच्याप्रमाणे या देशात सुमारे १६ कोटी माणसे दारू पितात, त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना तिच्यापायी मदतीची गरज आहे, आणि यांतील सुमारे २.९ कोटी तिच्यावाचून राहूच शकत नाहीत अशा अवस्थेला पोचलेले आहेत. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. या शेवटच्या अवस्थेतील ३८ जणांमागे एकालाच कोणत्या तरी स्वरूपाचे उपचार मिळालेले होते. उरलेले सदतीस कोठे आहेत? ते रस्त्याच्या कडेला पडलेले नाहीत. ते कचेरीत आहेत, आगगाडीत आहेत, लग्नाच्या पंगतीत आहेत. आणि मराठी आडनावाला या रोगाने सूट दिल्याचे कोणत्याही शास्त्राने अद्याप नोंदविलेले नाही.

उलट, आपणा बदलीवाल्यांचे जिणे या रोगाला फार मानवते. मुलांची शाळा मोडू नये म्हणून बिऱ्हाड पुण्याला किंवा साताऱ्याला राहते आणि कर्ता पुरुष सरकारी क्वार्टरमध्ये एकटा. कचेरी सुटल्यावर डबा यावयास दोन तास असतात. कोणाच्या तरी ओळखीने लष्करी कॅन्टीनची बाटली स्वस्तात मिळते. विचारणारे कोणी नसते. गावी असते तर काकांनी हटकले असते, शेजाऱ्याने पाहिले असते, वाण्याने घरी सांगितले असते; येथे तीन वर्षांनी बदली होते आणि मागच्या शहरातील लौकिक मागच्याच शहरात राहतो. मला स्वतःला दोन बदल्यांनी प्रत्येकी एक नवी सुरुवात दिली आणि दोन्ही वेळा मी ती पिऊन टाकली.

दुसरे उत्तर अब्रूचे. 'मंडळाच्या दाराशी दारुडे जमू लागले तर लोक काय म्हणतील?'

या प्रश्नाला मी प्रथम एक साधे स्मरण देतो. दारुडे मंडळाच्या दाराशी आजवर जमतच आलेले आहेत. ते फक्त पिऊन जमत होते. पाच वर्षांपूर्वी याच सभागृहात 'एकच प्याला'तील निवडक प्रवेशांचा प्रयोग झाला. सिंधूच्या मृत्यूने सभागृह रडले. त्यानंतर कलावंतांच्या श्रमपरिहारासाठी एका मान्यवर सभासदाच्या घरी जी बैठक झाली तिला मी होतो, आणि आज ज्यांना मंडळाच्या अब्रूची काळजी वाटते त्यांतील दोघे होते. तेव्हा कोणाची अब्रू गेली नाही. पिणाऱ्यांनी एकत्र जमण्यात अब्रू जात नाही आणि न पिण्यासाठी एकत्र जमण्यात जाते, हा न्याय कोठला?

परंतु अब्रूचा प्रश्न याहून खोल आहे. अब्रू राखणे याचा आपल्यात अर्थ झाला आहे झाकणे. सकाळी माझे हात इतके कापत, की एकदा बँकेने सही जुळत नाही म्हणून माझा धनादेश परत केला. फायलींवर मी पूर्ण सही करणे टाळून आद्याक्षरे टाकू लागलो. हे कचेरीत सर्वांना दिसत होते. माझे वरिष्ठ दयाळू होते. ते माझी गैरहजेरी अर्ध्या दिवसाच्या रजेत बसवीत, माझे टिपण दुसऱ्याकडून लिहून घेत आणि 'सांभाळून घ्या, घरी लहान मूल आहे' असे सहकाऱ्यांस सांगत. त्या दयाळूपणाने माझी चार वर्षे खाल्ली. मला जे मोजावे लागले असते ते दुसरे मोजत राहिले आणि मी पीत राहिलो. घरात हेच काम पत्नी करीत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती याच वास्तूत येई, हसे, वाण लुटी, आणि 'हे दौऱ्यावर गेलेत' असे सांगून घरी परत येई. मी दौऱ्यावर नसे. मी आतल्या खोलीत असे.

सरकारी नोकराच्या अब्रूला नोकरीची भीतीही चिकटलेली असते, आणि ती अगदीच खोटी नाही. केंद्रीय नागरी सेवांच्या १९६४ च्या आचरणनियमांतील बाविसावा नियम आपणांपैकी पुष्कळांना तोंडपाठ असेल. कामावर असताना नशेत असू नये, सार्वजनिक जागी पिऊ नये, नशेत लोकांपुढे येऊ नये, अतिरेकी सेवन करू नये. नियम योग्यच आहे. परंतु शिस्तीचा नियम चूक केव्हा झाली ते सांगतो. ती पुन्हा होऊ नये म्हणून मनुष्याने रात्री आठ वाजता कोठे जावे, ते तो सांगत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने दारूच्या अतिसेवनाशी निगडित मनोविकारांस आजाराच्या व्याख्येत घेतले आणि रुग्णाची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला. कायदा ज्याला आजारी म्हणावयास तयार झाला, त्याला मंडळ अजून कलंक म्हणते. कायदा समाजाच्या पुढे गेल्याची उदाहरणे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. येथे मागे राहिलेला समाज म्हणजे आपणच आहोत.

तिसरे उत्तर सौजन्याचे होते. 'खोली नको, आपण व्यसनमुक्तीवर एखादे व्याख्यान ठेवू. चांगला वक्ता बोलावू.'

व्याख्यानाला माझी ना नाही. पण व्याख्यानाने दारू सुटत असती तर ती मला अनेकदा सुटली असती. मी मारुतीसमोर शपथ घेतली आहे. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतली आहे. 'रुग्णास न कळता दारू सोडवा' अशा जाहिरातीतील पुडी माझ्या पत्नीने टपालाने मागवून माझ्या चहात घातली आहे. तिच्यात काय होते ते ना तिला ठाऊक होते ना मला, आणि अशी अज्ञात औषधे पिणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतात हे आम्हांस फार उशिरा कळले. उपदेश तर मी इतका ऐकला, की तो मी स्वतः उत्तम देऊ शकतो. उपदेशात एक दोष आहे. तो वरून खाली येतो. जो देतो तो कोरडा असतो, जो घेतो तो भिजलेला असतो, आणि दोघांनाही हे अंतर ठाऊक असते.

मी वर 'एकच प्याला'चा उल्लेख केला. १९१९ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक आपण शंभर वर्षे पाहत आलो. परंतु त्यातील एक गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही असे मला वाटते. त्या नाटकात पिणाऱ्यांची संस्था आहे. आर्य मदिरा मंडळाला सभासद आहेत, सभा आहेत, भाषणे आहेत. पिणाऱ्याला तेथे सोबत मिळते. सुधाकर मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करतो, तेव्हा मात्र तो एकटा असतो. ज्यांच्याकडे आधारासाठी जावे असे त्याला वाटते, ते प्रतिष्ठित लोक त्याला अपमान करून परत पाठवितात. आणि तो पुन्हा जेथे सोबत होती तेथे जातो. गडकऱ्यांनी हे दुःखान्त नाटक म्हणून लिहिले. आपण त्याला नीतिपाठ समजलो आणि 'पहिला प्याला घेऊ नये' एवढाच धडा घेतला. ज्याने तो घेऊन टाकला आहे त्याच्यासाठी दुसरे कोणते मंडळ आहे, हा प्रश्न आपण विचारलाच नाही.

तो प्रश्न दुसरीकडे विचारला गेला. अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन नावाच्या गावी १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल धंद्याच्या कामासाठी आला होता. बिल विल्सन त्याचे नाव. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. त्या महिन्यांत त्याने न्यूयॉर्कमधील अनेक मद्यप्यांना उपदेश केला होता आणि त्यांतला एकही सुधारला नव्हता. ॲक्रनला त्याचे काम फसले. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो उभा होता, पलीकडून मद्यगृहाचा गलबला ऐकू येत होता, आणि आपण आता आत जाणार हे त्याला कळून चुकले. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की उपदेशाने दुसरा कोणी सुधारला नसला तरी दुसऱ्या मद्यप्याशी बोलत राहिल्याने तो स्वतः कोरडा राहिला होता. त्याने दूरध्वनी करून करून गावातील एक मद्यपी शोधून काढला. तो एक शस्त्रवैद्य होता, डॉक्टर रॉबर्ट स्मिथ. डॉक्टरांनी फक्त पंधरा मिनिटे देण्याचे कबूल केले होते. ते दोघे काही तास बोलत बसले. विल्सनने या वेळी उपदेश केला नाही. स्वतःचे काय झाले ते सांगितले. त्याच वर्षी १० जून रोजी डॉक्टर स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला, आणि तो दिवस अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस या संघटनेचा जन्मदिवस मानला जातो.

या हकिगतीत मला जो अर्थ दिसतो तोच माझ्या लेखाचा मुद्दा आहे. विल्सन डॉक्टरांवर उपकार करावयास गेला नव्हता. स्वतःचा जीव वाचवावयास गेला होता. देणारा आणि घेणारा असा भेद तेथे उरला नाही. म्हणूनच त्या संघटनेत सभासद होण्यास दारू थांबविण्याची इच्छा याखेरीज अट नाही. वर्गणी नाही, शपथ नाही, प्रवेशपत्र नाही. १९५० साली तिने ज्या बारा परंपरा स्वीकारल्या, त्यांनुसार प्रत्येक गट आपला खर्च सभासदांच्या ऐच्छिक पैशातून भागवितो आणि बाहेरची देणगी घेत नाही; बाहेरच्या वादांत संघटना मत देत नाही, मग तो दारूबंदीचा वाद का असेना; आणि वृत्तपत्रांत, नियतकालिकांत कोणी सभासद आपले नाव प्रसिद्ध करीत नाही. या लेखाखाली नाव नसण्याचे कारण हे. तेथे प्रवक्ता कोणीच नसतो. मी येथे जे बोलतो ते माझ्यापुरते.

आमच्या अर्जात 'भाड्याने' हा शब्द का होता, तेही यावरून कळेल. चिटणीसांनी मोठ्या मनाने विचारले, 'समाजकार्य म्हणता तर भाडे कशाला देता?' समाजकार्य नव्हे म्हणून. आम्हांस कोणाच्या कल्याण-निधीचे लाभार्थी व्हावयाचे नाही. फुकट खोली मिळाली, की तिच्याबरोबर एक देखरेख-समिती येते, समितीबरोबर अहवाल येतो, आणि अहवालात नावे लागतात.

चौथे उत्तर असे, की 'हे डॉक्टरांचे काम आहे.'

होय, आहे, आणि त्याबाबत कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून मी हे स्पष्ट लिहितो. जो मनुष्य रोज भरपूर पितो, त्याने स्वतःच्या मनाने ती एकाएकी बंद करू नये. फेफरे येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. त्यात प्राणही जाऊ शकतो. हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढावयाचे असतात. मी सरकारी रुग्णालयात दहा दिवस होतो. औषधे दिली, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, झोप आली, भूक लागली, हात स्थिर झाले. निघताना तरुण डॉक्टर म्हणाले, 'आम्ही तुमच्या अंगातील दारू काढली आहे. आता घरी गेल्यावर संध्याकाळी सात वाजता काय करणार?' मजजवळ उत्तर नव्हते. त्यांनी एका कागदावर एक पत्ता व एक वेळ लिहून दिली. औषधाच्या चिठ्ठीपेक्षा तो कागद मी अधिक दिवस जपला.

वैद्यकाने या गटांची परीक्षाही घेतली आहे. उपचारांविषयीच्या पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांचा, म्हणजे एकंदर १०,५६५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमसच्या सभांकडे रुग्णाला पद्धतशीरपणे वळविणारे उपचार अखंड मद्यवर्जनाच्या बाबतीत इतर मान्य मानसोपचारांहून सरस ठरतात असे त्यात आढळले. इतर बाबतींत ते साधारण बरोबरीचे ठरले. सर्वांचीच दारू या मार्गाने सुटते असे कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण ज्या औषधाला फक्त एक खोली, काही खुर्च्या आणि दीड तास लागतो, ते पडद्यांसाठी नाकारावे इतके ते निरुपयोगी नाही.

पाचवे उत्तर : 'हे परकी आहे, ख्रिस्ती आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही.'

मूळ ख्रिस्ती वातावरणातले आहे हे खरे. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे. पण ज्याला तो जसा उमजला तसा, अशी पुस्ती त्यांनीच जोडलेली आहे, आणि आमच्या गटात ईश्वर न मानणारे दोन जण इतरांइतकेच नेमाने येतात. राहिला परकेपणा. भारतात ही चळवळ १९५७ पासून आहे. ती येथे कोणी आणली? कॅनडातून दिल्लीस नेमणुकीवर आलेल्या एका गृहस्थाने. या देशात आपल्याला बसावयाला गट नाही असे त्याला आढळले, म्हणून त्याने वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन आपल्यासारखी माणसे शोधली. मुंबईतील पहिली सभा त्याच वर्षी भरली. म्हणजे स्वतःच्या मुलखापासून दूर, बदलीच्या गावी, सायंकाळी एकट्या पडलेल्या एका नोकरदाराने ही गोष्ट भारतात सुरू केली. वाचकांपैकी ज्यांना ही चळवळ परकी वाटते त्यांनी त्या गृहस्थाच्या जागी स्वतःस क्षणभर ठेवून पाहावे. तो आपल्याच जातीचा होता, बदलीवाल्यांच्या जातीचा.

आणि मराठीला हे परके कसे? वारीच्या वाटेवर एक वारकरी दुसऱ्याच्या पाया पडतो आणि दुसरा पहिल्याच्या. कोण थोर, कोण लहान हे तेथे पाहत नाहीत. अभंगांत आपल्या संतांनी स्वतःचे दोष चारचौघांत उघड सांगितले आहेत. पुण्यात १९८६ साली डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला मोठा आधार होता. तेथे व्यसनातून बाहेर पडलेलीच माणसे पुढे कार्यकर्ते झाली, आणि रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' हा गट उभा राहिला. पु. लं.चा वाढदिवस जी मंडळे दर नोव्हेंबरात साजरा करतात, त्यांनी त्यांच्या विनोदाबरोबर त्यांच्या या देणगीचाही वारसा सांगावयास हरकत नसावी.

शेवटचे उत्तर सर्वांत व्यवहारी होते, म्हणून त्याचा विचार मी शेवटी ठेवला. 'शहरात हिंदीतून असा गट आहेच. दूरध्वनीवरूनही मराठी सभा ऐकता येते म्हणतात. मग वेगळी खोली कशाला?'

हिंदी गटाने मला जगविले. त्याच्याविरुद्ध मी अक्षर लिहिणार नाही. तेथे कोण असते आणि काय बोलले जाते तेही सांगणार नाही, कारण तेथील बोलणे तेथेच ठेवावे असा रिवाज आहे. माझे स्वतःचे सांगतो. मी हिंदी चांगली जाणतो. राजभाषा पंधरवड्यात मला टिपणलेखनाचे बक्षीस मिळालेले आहे. दुसऱ्या की तिसऱ्या सभेत मी हिंदीत सांगितले, की आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी पिऊन पाटावर बसलो होतो. वाक्य सहज आले. व्याकरण शुद्ध होते. मला बरे वाटले. पुढे सहा महिन्यांनी त्या गटात दुसरा एक मराठी मनुष्य आला. सभा संपल्यावर आम्ही दोघे बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो आणि तेच वाक्य मी त्याला मराठीत सांगू लागलो. 'आईच्या' हा शब्द उच्चारला आणि पुढे बोलता येईना. तो काही बोलला नाही. बराच वेळ आम्ही तसेच बसलो. मग मी वाक्य पुरे केले. हिंदीत मी ती घटना कळविली होती. मराठीत ती प्रथमच माझ्याकडून घडली होती. जी लाज ज्या भाषेत साचते ती त्याच भाषेत मोकळी होते, हे मी त्या पायऱ्यांवर शिकलो. भाषेच्या संवर्धनासाठी मंडळे स्थापन करणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको होते.

दूरध्वनीवरील सभांचेही तसेच. २०२० च्या साथीपासून त्यांचा प्रसार झाला आणि दूरच्या ठाण्यावर एकट्या असलेल्या माणसाला त्या पहिला आधार देतात. आज हा लेख वाचून कोणास निकड वाटली तर त्याने तेथून अवश्य आरंभ करावा. परंतु माझ्या अखेरच्या दिवसांत मी अशी एक सभा कॅमेरा बंद ठेवून, हातात पेला घेऊन ऐकली आहे. समोर खुर्चीवर बसलेल्या माणसापासून वास लपत नाही. खोलीचा उपयोग तो हाच.

मला ठाऊक आहे, की हे वाचणाऱ्यांत काहीजण कार्यकारिणीवर असतील आणि काहीजण त्या सदतिसांत असतील. एखादा दोन्हीकडे असेल. कार्यकारिणीतील गृहस्थांस माझे सांगणे थोडे आहे. व्याख्यान नको, ठराव नको, आमच्यावर लेखमाला नको. एक खोली, एक संध्याकाळ, पावती. दारावर पाटी लावावयाची असेल तर 'गुरुवार, सात ते साडेआठ' एवढी पुरे. आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी घरच्या माणसांना बसावयास तीच खोली द्यावी; मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठी अल्-ॲनॉन या नावाची निराळी संघटना १९५१ पासून आहे, आणि जी हसून 'हे दौऱ्यावर गेलेत' असे सांगते तिलाही कोठे तरी खरे बोलता आले पाहिजे.

त्या सदतिसांतील बंधूस, आणि भगिनीसही, कारण हा रोग पुरुषांचाच नाही, मी उपदेश करणार नाही. माहिती देतो. आधी डॉक्टर. सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनीसेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे. अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमसच्या सभा बहुतेक मोठ्या शहरांत भरतात. पुष्कळदा त्या एखाद्या शाळेच्या किंवा चर्चच्या मागील खोलीत असतात आणि बाहेर मोठी पाटी नसते, म्हणून विचारत जावे लागते. 'खुली' सभा असेल तर कोणीही बसू शकतो. 'बंद' सभा फक्त ज्यांना दारू थांबवावयाची आहे त्यांच्यासाठी असते. नाव सांगावे लागत नाही. बोलावेच लागते असे नाही. पद तर कोणी विचारीतच नाही. कचेरीत ज्यांच्या दारावर टकटक करून आत जावे लागते, अशा दर्जाच्या माणसाच्या कपात मी चहा ओतला आहे आणि त्यांनी माझ्या. पहिल्या दिवशी मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो, तो केवळ पाऊस लागला म्हणून.

आम्ही तिघे अजून हिंदी गटातच जातो. सभा सुटली की अर्धा तास बाहेरच्या पायऱ्यांवर बसून मराठीत बोलतो. गेल्या महिन्यात चौथा आला. तो मंडळाचा आजीव सभासद आहे आणि दरवर्षी गणपतीची मखरे त्याच खोलीतून काढणाऱ्यांत असतो. अर्ज आम्ही पुन्हा दिला आहे. या वेळी त्यावर चार सह्या आहेत, आणि पडद्यांसाठी चौथ्याने आपल्या घरची माळ्यावरची जागा देऊ केली आहे.